डब्यात चढल्यावर

वाचकाचं पत्र, थोडं कापून:

ताई, नमस्कार. मी मूळचा डोंबिवलीचा. २००३ साली एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, अमेरिकेत आलो, सध्या ह्यूस्टनजवळ फोर्ट बेंड काउंटीत राहतो. ग्रीन कार्डाची प्रक्रिया २००८ ला सुरू झाली, कार्ड हातात पडलं २०१८ ला, नागरिक झालो २०२३ ला. २०२४ मध्ये आयुष्यातलं पहिलं अमेरिकन मत दिलं, ते रिपब्लिकन पक्षाला. कारणं सांगतो. सीमेवर जो सावळागोंधळ चालला होता तो बघवत नव्हता. आम्ही रांगेत उभे राहिलो, यांनी का राहू नये? दुसरं म्हणजे सरकारची प्रत्येक गोष्टीत लुडबुड. तिसरं, शाळा-कॉलेजांत मुलांच्या डोक्यात हल्ली जे भरलं जातं ते. माझी मुलगी इथेच जन्मली, २००५ साली. ऑस्टिनला शिकते. थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर वाद पेटला आणि ती म्हणाली, "बाबा, तुमचं काम झालं, म्हणून तुम्ही आता दार लावून घेताय." बायकोने तिचीच री ओढली. म्हणाली, डोंबिवलीला धक्के मारून डब्यात शिरायचं आणि दिवा स्टेशनला दार अडवून 'आत जागा नाही' म्हणायचं, तशातली गत. तेव्हापासून मुलगी फक्त आईशी बोलते. बायको २०१५ पासून नोकरी करते, तिला स्वतःची मतं आहेत, मी ती दाबत नाही. दुसरीकडे माझा शेजारी. हार्वे वादळात माझ्या घरातलं पाणी उपसायला सगळ्यात आधी आलेला माणूस. त्याने परवा शुगर लँडच्या हनुमानाच्या मूर्तीविरुद्धची पोस्ट पुढे ढकलली. मला ती दिसेल हे त्याच्या लक्षातही आलं नसावं. मी नक्की कुणाच्या बाजूचा? मतं बदलायला हवीत का? शेजाऱ्याशी काय बोलू? शेवटचं, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकारणावरून रोज जुंपते. मी समितीत आहे. ग्रुप सोडावा का?
— एक ह्यूस्टनकर

ह्यूस्टनकर, नमस्कार.

मतं बदलायची की नाहीत ते मी सांगणार नाही. एवढी वर्षं थांबून मिळालेला अधिकार आहे, तो कसा वापरायचा हे मुलीने ठरवू नये आणि सदर लिहिणाऱ्या बाईने तर अजिबात नाही. पण पत्र वाचताना एक खटकलं. सीमा, सरकार आणि शाळा ही तीन कारणं तुम्ही एका दमात लिहिलीत, जणू एक मान्य केलं की उरलेली दोन आपोआप येतात. अमेरिकेतले उजवे स्वतः या तिन्हींवरून एकमेकांच्या उरावर बसतात. आणि तुमच्या घरातलं भांडण त्या मतांवरून झालं असं मला वाटत नाही. ती मतं मांडताना तुम्ही स्वतःला हिशेबातून वगळता, ते मायलेकींना दिसतं.

आधी सीमा, कारण तिथे तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं. १९८६ साली अध्यक्ष रेगन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यातून कागदपत्रांशिवाय राहणारे सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. रेगन रिपब्लिकन, हे मुलीला सांगा. त्या कायद्यात एक देवघेव होती. आत आहेत त्यांना एकवार माफी, आणि इथून पुढे बिनकागदाच्या माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड. माफी देऊन झाली, दंडाचं कलम बहुतेक कागदावरच राहिलं. 'या वेळी माफ करा, पुढच्या वेळी कायदा कडक पाळू' या वाक्यावरचा उजव्या मतदाराचा विश्वास तेव्हा उडाला, तो परत बसला नाही. पुढे २०२३ च्या सरकारी वर्षात दक्षिण सीमेवर अडवल्याच्या नोंदी २५ लाखांच्या जवळ गेल्या. एकच माणूस त्यात दोनदा-तीनदा मोजला गेला असेल, तरी राज्य चालवणाऱ्यांनी हात टेकले होते हे कुणालाही दिसत होतं. त्यावर चिडलेल्या प्रत्येकाला वर्णद्वेषी ठरवणं हा आळस आहे. तुमच्याच ह्यूस्टनच्या बार्बरा जॉर्डन कृष्णवर्णीय, डेमोक्रॅट, आणि नागरी हक्कांसाठी उभं आयुष्य घातलेल्या. नव्वदच्या दशकात स्थलांतरावरच्या सरकारी आयोगाच्या त्या अध्यक्ष होत्या. यायला हवेत ते येतात, येऊ नयेत ते अडतात आणि राहू नयेत त्यांना जावं लागतं, असं असेल तरच लोक या धोरणावर भरवसा ठेवतील, अशी त्यांची मांडणी होती. कायदेशीर स्थलांतरही कमी करा, अशी शिफारस त्यांच्या आयोगाने केली होती. मुलीच्या कॉलेजात हे कुणी बोललं तर त्याला बहुधा तुमच्या पंगतीत बसवतील.

आता ते तुमचं वाक्य. आम्ही रांगेत उभे राहिलो.

राहिलात, खरं आहे. प्रायॉरिटी डेटकडे, म्हणजे रांगेतला आपला नंबर ठरवणाऱ्या तारखेकडे, डोळे लावून दहा वर्षं काढणं म्हणजे काय, हे या देशातल्या देशी घरांइतकं कुणाला ठाऊक नसेल. नोकरी बदलायची भीती, घर घ्यावं की नाही, गावी वडील आजारी पडले तर जाऊन परत येता येईल का. पण ती रांग आपल्यासाठी मुळात कुणी लावली? १९२३ साली भगतसिंग थिंद यांना सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्याच्या अर्थाने तुम्ही गोरे नाही, तेव्हा नागरिक होता येणार नाही. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या काही भारतीयांचं नागरिकत्वही काढून घेण्यात आलं. १९४६ ला दार किलकिलं झालं ते वर्षाला १०० भारतीयांपुरतं. मग १९६५ च्या ऑक्टोबरात स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि देशवार कोट्याची जुनी पद्धत गेली. तुम्ही, तुमच्या मंडळातले सगळे आणि मी, त्या सहीचे आहोत.

आणि ती सही होताना देशाला काय सांगितलं गेलं होतं? सेनेटर एडवर्ड केनेडी यांच्यासारखे त्या कायद्याचे पाठीराखे सांगत होते की देशाच्या वस्तीचं रूप यामुळे बदलणार नाही. ते बदललं. १९७० साली परदेशात जन्मलेली माणसं शंभरात पाचही नव्हती, आता १४ च्या वर आहेत. तेव्हा 'आम्हाला न विचारता हे झालं' असं तुमचा शेजारी म्हणाला, तर तो खोटं बोलत नाही. फक्त त्या न विचारण्यातूनच तुम्ही त्याच्या शेजारी राहायला आलात, एवढं तुम्ही विसरू नका.

बरं, रांग सगळ्यांना आहे का? कमी शिकलेल्या कामगाराला नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीन कार्डं साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला जास्तीत जास्त १०,०००. होंडुरासच्या छप्पर घालणाऱ्या माणसाला 'रांगेत ये' म्हणणं म्हणजे नसलेल्या खिडकीवर पाठवणं. हार्वेनंतर तुमच्या घराच्या भिजलेल्या भिंती काढून नव्या बसवल्या असतील, त्या कुणी बसवल्या? त्यांचे कागद बघितले होते का तुम्ही? मी टोमणा मारत नाही, ह्यूस्टन तेव्हा असंच उभं राहिलं. आणि बिनकागदाचे म्हणजे ते तिकडचे, आपले नव्हेत, असं मनात असेल तर तेही काढून टाका. २०२५ च्या ५ फेब्रुवारीला अमेरिकेच्या लष्करी विमानाने हातकड्या घालून १०४ भारतीय अमृतसरला उतरवले. बहुतेक हरियाणा, गुजरात, पंजाबचे होते. तिघे महाराष्ट्रातले होते.

वहिनींच्या दिव्याच्या उपमेला मात्र मी पूर्ण गुण देणार नाही. ऐकायला झणझणीत आहे, पण लोकलमध्ये तिकीट काढलेल्या प्रत्येकाचा हक्क असतो. देशाचं तसं नाही. परक्याला आत घ्यायचं की नाही हे ठरवायचा अधिकार देशाला आहेच, आणि त्या देशाचे नागरिक म्हणून आता तो तुम्हालाही आहे. मुंबईत परप्रांतीयांवरून जे राजकारण आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यापेक्षा टेक्सासच्या माणसाची बाजू कायद्याने भक्कम आहे. पाटण्याचा माणूस मुंबईत आला तर तो त्याच्याच देशात आलेला असतो, संविधानाने दिलेल्या हक्काने. तुम्ही ह्यूस्टनला आलात ते परवानगीने. डोंबिवलीत 'आपली भाषा, आपली माणसं आधी' म्हणणाऱ्यांना तुम्ही कधी मान डोलावली असेल, तर शेजाऱ्याच्या पोटातलं दुखणं तुम्हाला समजायला जड जाऊ नये.

सरकारच्या लुडबुडीवर जरा जास्त थांबते, कारण तिथे तुमचं स्वतःचं घरच मध्ये येतं.

वहिनी २०१५ पासून नोकरी करतात, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. २०१५ का, २०१२ का नाही? तुमचा अर्ज २००८ चा, म्हणजे २००७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ज्यांना एकदम शेवटच्या टप्प्यातला अर्ज भरता आला आणि त्याबरोबर बायकोचं वर्क परमिटही मिळालं, त्या नशीबवानांत तुम्ही नव्हता. ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या एच-वनवाल्यांच्या बायकांना, म्हणजे एच-फोर व्हिसावरच्यांना, काम करायची मुभा मिळाली ती २०१५ च्या नियमाने. तो काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केला नाही, ओबामा सरकारच्या खात्याने केला. त्याविरुद्ध कोर्टात गेले ते 'सेव्ह जॉब्स यूएसए' नावाखाली जमलेले आयटी कर्मचारी. कॅलिफोर्नियातल्या एका वीज कंपनीत त्यांची कामं एच-वनवर आणलेल्या माणसांकडे गेली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं. कायदा करायचा तो निवडून दिलेल्या काँग्रेसने, खात्याने परस्पर परवाने वाटायचे नाहीत. अगदी याच शब्दांत तुम्ही सरकारी लुडबुडीबद्दल तक्रार करता. ते अनेक वर्षं लढले, हरले, आणि २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांचं प्रकरण ऐकायला नकार दिला. वहिनींची नोकरी टिकली याचा मला आनंदच आहे. पण तुमच्या तत्त्वाने बघायचं तर बाजू त्या वीज कंपनीतल्या माणसांची भक्कम होती. हे तुम्ही जेवणाच्या टेबलावर कधी बोलून दाखवलंय?

आता उलट बाजूचं. २०२५ च्या १९ सप्टेंबरला ट्रम्प यांनी एका घोषणेनिशी नव्या एच-वन अर्जावर १ लाख डॉलर आकारणी लावली. काँग्रेसने कायदा केला नव्हता. त्या शनिवार-रविवारी सुट्टीवर गेलेले कितीजण मिळेल त्या विमानाने परत पळाले. नंतर खुलासा आला की आधीच व्हिसा असलेल्यांना ती लागू नाही. ओबामांचा २०१५ चा नियम लुडबुड असेल, तर ही कोण? छोट्या सरकारचा आग्रह धरणारे जुने उजवे हा प्रश्न विचारतात, त्यांना तो अधिकार आहे. तुम्हीही विचारू शकता, आणि विचारलात म्हणून तुम्ही डेमोक्रॅट होत नाही.

तुमच्याच राज्यात अजून खाली जा, रिओ ग्रांदेच्या काठी. सीमेवर कुंपण हवं म्हणणाऱ्या टेक्सासमध्येच केंद्र सरकारने त्या कुंपणासाठी खासगी जमिनी ताब्यात घ्यायला शेकडो दावे लावले. पिढ्यान्‌पिढ्या पक्के रिपब्लिकन असलेल्या माणसाला सरकारचा वकील सांगतो, तुझी नदीकाठची पट्टी आम्हाला हवी. कुंपण हवं, पण जमिनीवर सरकारचा हात नको, या दोन गोष्टी तिथे एकाच माणसाच्या पोटात असतात. तो मूर्ख नसतो. दोन्ही खरं असतं आणि त्याला निवड करावी लागते.

शेवटचं म्हणजे झडत्या. स्थलांतर खात्याचे लोक तोंड झाकून रस्त्यावर माणसं थांबवतात, हे २०२५ पासून आपण सगळे बघतोय. लॉस एंजेलिसमधल्या अशा कारवायांवर खालच्या कोर्टाने घातलेली बंदी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तात्पुरती उठवली. न्यायाधीशाच्या सहीशिवाय सरकारी माणूस दारात नको, हा उजव्यांचा जुना आग्रह आहे आणि मला तो फार आवडतो. तुमच्या चेहऱ्याकडे बघून तुम्ही २०२३ चे नागरिक आहात हे कुणालाही कळत नाही. मुलगी ज्याला घाबरते ते हेच असावं. तुम्हाला ते तिचं राजकारण वाटलं.

शाळांच्या बाबतीत मी तुमच्याकडून बोलेन, आणि मुलीला एक माहिती द्या. मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीत लहान मुलांच्या वर्गात समलिंगी आणि ट्रान्स पात्रांची गोष्टींची पुस्तकं वाचली जात, आणि तेवढा वेळ मुलांना बाहेर बसवायची मुभा शाळांनी काढून घेतली. विरोधात गेलेल्या पालकांत मुस्लिम होते, कॅथलिक होते, युक्रेनी ऑर्थोडॉक्सही होते. २०२५ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन असा निकाल पालकांच्या बाजूने दिला. अमेरिकेतला सांस्कृतिक उजवेपणा म्हणजे गोऱ्या माणसाची किरकिर, असं जे तिला वाटतं, ते या निकालाने बरंच ढिलं पडतं. त्या पुस्तकांबद्दल तुमचं-माझं मत वेगळं असेल. मला वाचायला हरकत नाही. पण पालकाला विचारा, एवढी मागणी मला मागासलेली वाटत नाही. फक्त हाच नियम एखाद्या ख्रिस्ती आईने शाळेतल्या दिवाळीच्या कार्यक्रमातून मुलाला बाहेर काढण्यासाठी वापरला, तर तेव्हा तुम्हाला राग येता कामा नये.

आता शेजारी.

त्याने पुढे ढकललेली पोस्ट कुठून आली असेल याचा अंदाज आहे. श्री अष्टलक्ष्मी मंदिरातली ती ९० फुटी मूर्ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये उभी राहिली. वर्षभराने, सेनेटच्या रिपब्लिकन उमेदवारीसाठी उभे असलेले अलेक्झांडर डंकन यांनी लिहिलं की खोट्या हिंदू देवाची खोटी मूर्ती टेक्सासमध्ये का चालवून घेतो, आपण ख्रिस्ती राष्ट्र आहोत. तुमचा पक्ष आणि तुमचा मारुती एकाच पोस्टमध्ये समोरासमोर. पोटात खड्डा पडला असणार.

उजव्यांमध्ये सध्या जो खरा वाद चालू आहे तो हाच आहे, आणि तो तुमच्यावरूनच आहे. १९८९ साली निरोप घेताना रेगन सांगत होते की जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला माणूस अमेरिकेत येऊन अमेरिकन होऊ शकतो. २०२४ च्या जुलैमध्ये पक्षाच्या अधिवेशनात उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स म्हणाले की अमेरिका ही नुसती कल्पना नाही, एक समान इतिहास आणि एक भविष्य असलेली माणसं म्हणजे हा देश. आणि त्यांनी पूर्व केंटकीतल्या त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीची गोष्ट सांगितली. समोर बसलेली त्यांची पत्नी उषा ही भारतातून आलेल्या तेलुगू आईवडिलांची मुलगी. दोन्ही भाषणं कॉन्झर्व्हेटिव्ह आहेत. पहिल्यात तुम्हाला जागा आपोआप आहे. दुसऱ्यात ती लग्नाने मिळते, किंवा खूप पिढ्यांनी. त्याच डिसेंबरात एच-वनवरून जे रान पेटलं ते आठवा. भारतीय वंशाचे श्रीराम कृष्णन यांची व्हाइट हाउसच्या सल्लागारपदी नेमणूक झाली आणि मस्क व भारतीय वंशाचे उद्योजक विवेक रामस्वामी एका बाजूला, ट्रम्प यांचे जुने सल्लागार स्टीव्ह बॅनन दुसऱ्या बाजूला. रामस्वामी यांनी अमेरिकन संस्कृती साधारणपणाला डोक्यावर घेते म्हणून झापलं. ती त्यांची पोस्ट वाचून मला आपल्या मंडळातल्या अनेक काकांची आठवण झाली. 'आमची पोरं स्पेलिंग बी जिंकतात, यांची पोरं फुटबॉल खेळतात.' शेजाऱ्याच्या कानावर हेही गेलेलं असतं, ह्यूस्टनकर. आपण मराठीत बोललो म्हणून ते कळत नाही असं समजू नका.

तर त्याच्याशी काय बोलायचं? मोदकाचा डबा घेऊन जाऊ नका. त्याला मोदक आधीच माहीत असतील, आणि खाण्यापिण्याने हा विषय टळतो, सुटत नाही. अंगणात भेटेल तेव्हा सरळ सांगा की ती पोस्ट मी पाहिली, मी त्या देवळात जातो, मला वाईट वाटलं. एवढंच. मग त्याला बोलू द्या. बहुतेक वेळा अशा माणसाच्या तोंडून दोन वेगळ्या गोष्टी मिसळून बाहेर पडतात. एक म्हणजे वस्ती फार झपाट्याने बदलली, सणाच्या दिवशी त्याच्या दारापुढे गाड्या लागतात, दिवाळीला रात्री बारानंतर फटाके वाजतात आणि त्याचं कुत्रं थरथरतं. हे ऐकून घ्या, आणि गाड्या-फटाक्यांचं खरं असेल तर मंडळात मांडा. दुसरी म्हणजे हा देश ख्रिस्त्यांचा, तुमच्या देवाला इथे जागा नाही. तिथे मान डोलावू नका.

तिथे त्याला त्याच्याच राज्याचा कायदा सांगा. टेक्सासचा धर्मस्वातंत्र्य जपणारा कायदा १९९९ चा. सही करणारे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश. डॅलसजवळच्या युलेस गावाने सँटेरिया पंथाच्या एका पुजाऱ्याला घरात बकऱ्यांचा बळी द्यायला बंदी केली होती. तो पुजारी याच कायद्याच्या जोरावर २००९ मध्ये जिंकला. त्याच्या बाजूने लढलेली बेकेट ही वकिलांची संस्था, आणि मघाचे मेरीलँडचे पालक लढले तेही तिच्याच मदतीने. चर्चचं स्वातंत्र्य सरकारच्या हाताबाहेर ठेवायचं तर देवळाचंही ठेवावं लागतं, हे त्या लोकांना नीट कळलेलं आहे. हार्वेत तुमच्या घरी बादली घेऊन आलेल्या माणसाला हे कळायला अवघड नसावं. समजा नाहीच कळलं, तर नमस्कार-चमत्कार चालू ठेवा आणि पुढच्या पुराला तुम्ही त्याच्याकडे जा. सगळ्यांशी सगळं जमतंच असं नाही.

मुलीचं सर्वांत शेवटी घेतलं, कारण त्याला सर्वांत कमी शब्द लागतात.

फोन करू नका, फोनवर ती ठेवून देईल. गाडीने ऑस्टिन अडीच-तीन तास आहे. एकटे जा, आईला मध्यस्थ म्हणून नेऊ नका. आणि तिच्याशी वाद जिंकायच्या तयारीने जाऊ नका, त्यासाठी वर दिलेली माहिती अजिबात वापरू नका. ती नंतर, बोलणं सुरू झालं की कामाला येईल. आधी एकच गोष्ट तुमच्या तोंडून तिला ऐकू द्या. २००५ साली तिचा जन्म झाला तेव्हा तुम्ही दोघं तात्पुरत्या व्हिसावर होता. २०२५ च्या २० जानेवारीला जो आदेश निघाला, त्यात अशाच आईबापांच्या बाळाला जन्माने नागरिकत्व नाकारलं होतं. तो पुढच्या बाळांपुरता होता, न्यायालयांनी तो अडवला आणि वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, ते सगळं खरं. पण तोच नियम तिच्या जन्माच्या वेळी असता तर ती इथे जन्मूनही तुमच्याबरोबर २०१८ पर्यंत परदेशी म्हणून रांगेत उभी राहिली असती. तिला तो हक्क मिळाला १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने, जी गुलामीतून सुटलेल्यांसाठी केली होती, आणि १८९८ च्या निकालाने, जो सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांपोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यांनी जिंकला. तिला विचारा की हे तिच्या मनात आलं होतं का. माझी खात्री आहे, आलं होतं. 'दार लावून घेताय' हे ती परक्यांबद्दल बोलत नव्हती, स्वतःबद्दल बोलत होती.

त्यानंतरही सीमा कडक हवी असं तुमचं मत राहिलं तर राहू द्या, आणि तिला तसं स्पष्ट सांगा. देशी घरात जन्मलं म्हणून एकाच पक्षाला मत द्यायचं, नाहीतर गद्दार, हा तिचा हट्टही मोडायला हवा. नोकरीच्या ग्रीन कार्डांपैकी एका देशाला वर्षाला साधारण सात टक्क्यांहून जास्त नाहीत, ही मर्यादा उठवणारं विधेयक २०१९ मध्ये हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. सेनेटमध्ये त्याचा पाठपुरावा करत होते युटाचे रिपब्लिकन माइक ली, आणि वाट अडवून उभे राहिले डेमोक्रॅट डिक डर्बिन. तुमची दहा वर्षं खाल्ली ती त्याच मर्यादेने. कुठला पक्ष आपला, हे तिला वाटतं तितकं सरळ नाही आणि तुम्हाला वाटतं तितकंही नाही. निघताना तिला पुढच्या सुट्टीला घरी ये म्हणू नका. ती येईल तेव्हा येईल.

राहिलं मंडळाच्या ग्रुपचं. ग्रुप सोडू नका, समितीतला माणूस गेला की मागे उरलेले दोघं अजून जोरात भांडतात. 'राजकारणावर बंदी' असा ठरावही आणू नका, तो कुणी पाळत नाही. त्याऐवजी मंडळाची नोंदणी कशी आहे ते खजिनदारांना विचारा. बहुतेक मंडळं करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असतात, आणि अशा संस्थेला निवडणुकीत कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. १९५४ चा नियम आहे, तुमच्याच टेक्सासच्या लिंडन जॉन्सन यांनी सेनेटर असताना घुसडलेला. उजव्यांना तो अनेक वर्षं सलतो, आणि सरकारी लुडबुडीचं हे उदाहरण तुम्हालाही आवडणार नाही. पण तो रद्द होईपर्यंत ग्रुपवर मंडळाच्या नावाने कुणी 'याला मत द्या' लिहिलं, की समितीतर्फे तुम्ही दोन ओळी टाका आणि ते पुसायला लावा. रिपब्लिकन उमेदवार असला तर आधी टाका.